तडा कुठे जाऊ द्यायचा?

काँक्रीटच्या रस्त्याचे काम चालू असले की बघे जमतात आणि त्यांतला एखादा तरी हमखास विचारतो, 'सळई कुठे आहे?' घराचा स्लॅब ओतताना सळयांची जाळी बांधलेली सगळ्यांनीच पाहिलेली असते. इथे मात्र रेडीमिक्सची गाडी येते, प्लास्टिकच्या कागदावर काँक्रीट ओतले जाते आणि वीतभराहून जाड थर जाळीशिवायच सपाट केला जातो. मग सळई कुणी खाल्ली याची चर्चा रंगते. संशय घ्यायला आपल्याकडे कारणांची वाण नाही हे मान्य, पण नेमका हा संशय चुकीचा आहे. घराचा स्लॅब खांबांवर आणि तुळयांवर टेकलेला असतो आणि मधे अधांतरी असतो. रस्त्याचा स्लॅब पूर्णपणे जमिनीवर टेकलेला असतो. तो वाकतो फार थोडा, आणि तेवढे वाकणे सोसण्याची ताकद काँक्रीटमध्ये स्वतःची असते. आपल्याकडचे बहुतेक काँक्रीटचे महामार्ग असे बिनजाळीचेच आहेत. तिथे खरा प्रश्न निराळाच असतो. काँक्रीट तडकणार, हे गृहीत धरूनच रस्त्याचा अभियंता कामाला लागतो. तडा कुठे, किती रुंद आणि कधी जाऊ द्यायचा, एवढेच ठरवणे त्याच्या हाती असते. काँक्रीटच्या रस्त्यांचे जे निरनिराळे प्रकार आहेत, ती या एकाच प्रश्नाची निरनिराळी उत्तरे आहेत. आपण मात्र 'डांबर की काँक्रीट' या वादातच अडकतो आणि कोणते काँक्रीट हे विचारायचे राहून जाते.

काँक्रीट तडकतेच का? महामार्गासाठी वापरतात त्या एम-40 काँक्रीटची दाब सोसण्याची ताकद 40 मेगापास्कल असते, पण वाकताना ते साडेचारच्या आसपासच मोडते. म्हणजे दाबापुढे पहिलवान आणि ताणापुढे अगदीच लेचेपेचे. सिमेंट आणि पाणी यांची प्रक्रिया सुरू झाली की काँक्रीट तापते, रात्री थंड होते, पुढे महिनोन्महिने वाळत आणि आकसत राहते. आकसायला खालचा थर मोकळीक देत नाही, घर्षणाने धरून ठेवतो, आणि त्या ओढाताणीत कोवळे काँक्रीट फाटते. त्यात ऊन आणि थंडीची भर. तापमान एक अंशाने बदलले की काँक्रीटची लांबी साधारण एक लाखांशाने बदलते. हा आकडा क्षुल्लक वाटतो, पण शंभर मीटरचा अखंड पट्टा तीस अंशांच्या फरकाने तीन सेंटिमीटर आखडतो. तीन सेंटिमीटर कुठून तरी निघावेच लागतात. काँक्रीटचे रस्ते नवे होते तेव्हा अमेरिकेत पूर्ण रुंदीचे पट्टे एकसंध ओतत, आणि त्यांच्या मधोमध वेडावाकडा लांब तडा जाई. 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला इलिनॉय राज्यातील बेट्स रोडवर जड ट्रक फिरवून चाचण्या झाल्या, तेव्हा दोन गोष्टी कळल्या. स्लॅब आधी कडेला आणि कोपऱ्यात हरतो, ही पहिली. दुसरी अशी की मधोमध आपणच सरळ सांधा दिला तर तो वेडावाकडा तडा पडत नाही. तडा टाळता येत नसेल तर त्याला जागा आखून द्यावी, ही कल्पना तिथून रूढ होत गेली.

आपल्याकडे सर्वाधिक चालणारा प्रकार या कल्पनेचे साधे रूप आहे. त्याला सांधेयुक्त साधा काँक्रीट रस्ता म्हणता येईल. साडेतीन मीटर रुंद आणि साडेचार मीटर लांब अशा चौकटीत तो विभागलेला असतो. यातले आडवे सांधे ओतताना ठेवलेले नसतात, ते नंतर कापलेले असतात. काँक्रीट टाकल्यावर काही तासांत कटर फिरवून जाडीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाइतकी खाच पाडतात. स्लॅब तिथे कमजोर होतो आणि उरलेला तडा खाचेखाली आपोआप, नजरेआड जातो. या कामातले सगळे कसब वेळेत आहे. कटर लवकर लावला तर कडेची खडी उखडते, उशीर झाला तर स्लॅब आपली जागा स्वतः निवडून मोकळा होतो. विदर्भातल्या एप्रिलमध्ये ही वेळ भराभर निघून जाते. दुपारी ओतलेल्या काँक्रीटचा कटर रात्री दहाला यायला हवा होता आणि तो सकाळी चहानंतर आला, एवढ्यावरून तीस वर्षांच्या रस्त्याचे नशीब फिरू शकते.

सांधा दिला म्हणजे स्लॅबचे तुकडे झाले. मग ट्रकचे चाक एका तुकड्यावरून दुसऱ्यावर जाताना पहिल्याची कड दबते आणि दुसऱ्याची वर राहते. त्यासाठी आडव्या सांध्यात डॉवेल बार बसवतात. 32 ते 38 मिलिमीटर जाडीचे आणि सुमारे अर्धा मीटर लांबीचे हे गुळगुळीत गज स्लॅबच्या निम्म्या उंचीवर, रस्त्याच्या दिशेला समांतर ठेवलेले असतात. गजाची एक बाजू काँक्रीटला चिकटू नये म्हणून तिच्यावर आवरण असते. सांधा उघडो वा मिटो, गज सरकतो. कड खाली दबू लागली की मात्र तो भार पलीकडच्या स्लॅबला देतो. दोन लेनमधल्या उभ्या सांध्यात याच्या उलट काम असते. तिथे पीळदार, बारीक टाय बार दोन पट्ट्यांना एकमेकांपासून सरकू देत नाहीत. डॉवेल तिरपा बसला तर सांधा कुलूप लावल्यासारखा बंद होतो आणि आकसणारा स्लॅब दुसरीकडे फाटतो. तेव्हा 'सळई कुठे आहे' या प्रश्नाला खरे उत्तर आहे की ती सांध्यात आहे, आणि ती किती आहे यापेक्षा सरळ आहे का, हे विचारलेले बरे.

दुसरे टोक म्हणजे सांधाच न देणे. सलग सळईच्या काँक्रीट रस्त्यात लांबीच्या दिशेने अखंड सळया घालतात, छेदाच्या क्षेत्रफळाच्या साधारण 0.6 ते 0.7 टक्के. स्लॅब तरीही तडकतो, उलट अधिक वेळा तडकतो, दर मीटर-दोन मीटरला. पण सळई प्रत्येक तडा इतका घट्ट आवळून धरते की तो केसाएवढाच राहतो. पाणी आत उतरत नाही, दोन्हीकडची खडी एकमेकीत गुंतून राहते, चाकांना धक्का लागत नाही. अमेरिकेत व्हर्जिनियातील कोलंबिया पाइकवर 1921 मध्ये हा प्रयोग झाला. पुढे टेक्सासने आणि बेल्जियमने तो मनापासून स्वीकारला. ही सळई ट्रकचे ओझे पेलायला नसते, ती फक्त तडे मिटून ठेवते. म्हणून सळई घातली की स्लॅब वाटेल तितका पातळ करता येईल, हा हिशेब फसतो. किंमत काढायची तर 30 सेंटिमीटर जाड आणि साडेतीन मीटर रुंद लेनला 0.7 टक्क्याने किलोमीटरमागे सुमारे 58 टन पोलाद लागते. सहा लेनला साडेतीनशे टन. जिथे दुरुस्तीसाठी लेन बंद ठेवणे अतिशय महाग पडते, तिथे हा खर्च शोभतो. तालुक्याच्या रस्त्यावर ती चैन होईल, आणि समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत पोलाद गंजण्याची धास्ती वेगळी. या दोहोंमधला एक प्रकार होता, लांब चौकटी आणि त्यांत हलकी जाळी. त्याचे सांधे लांब अंतरावर असल्याने रुंद उघडत आणि चौकटीच्या पोटात तडेही जात. तो आता मागे पडला, आणि योग्यच झाले.

सांध्यांची व्यवस्था ठरली की जाडीचा प्रश्न येतो. सामान्य समज असा की जाड म्हणजे मजबूत. पण जाडी ठरते ती एका मोठ्या ओझ्यावरून नव्हे, लाखो लहानमोठ्या ओझ्यांच्या थकव्यावरून. डेन्मार्कमध्ये जन्मलेले आणि इलिनॉय विद्यापीठात शिकवणारे हॅराल्ड वेस्टरगार्ड यांनी 1920 च्या दशकात स्लॅबच्या कोपऱ्यात, कडेला आणि मधे किती ताण येतो याची गणिते मांडली. आपल्या इंडियन रोड्स काँग्रेसची आयआरसी 58 ही मार्गदर्शिका त्याच वाटेने खूप पुढे गेली आहे. तिच्यातला थकव्याचा नियम सामान्य वाचकानेही पाहण्यासारखा आहे. चाकाने आणि तापमानाने येणारा ताण काँक्रीटच्या वाकण्याच्या ताकदीच्या 45 टक्क्यांखाली असेल तर फेऱ्यांना मर्यादा नाही. 50 टक्के झाला तर स्लॅब सुमारे 7 लाख 60 हजार फेऱ्या सोसतो. 60 टक्क्यांना हा आकडा सुमारे 31 हजारांवर घसरतो आणि 70 टक्क्यांना दोन हजारांच्याही आत. आता समजा, आराखड्यात 50 टक्के ताण धरला होता आणि प्रत्यक्षात काँक्रीट फक्त दहा टक्क्यांनी कच्चे निघाले. ताणाचे प्रमाण साडेपंचावन्न टक्क्यांवर जाते आणि फेऱ्या उरतात जेमतेम एक लाख. दहा टक्के कसर, आयुष्य एक-सप्तमांश. दोन सेंटिमीटर जाडी वाचवणाऱ्या किंवा मालात पाणी वाढवणाऱ्या कंत्राटदाराला हा हिशेब ठाऊक नसतो असे नाही. त्याला एवढेही ठाऊक असते की परिणाम दिसायला काही वर्षे लागतील. ओझ्याचेही तसेच. 2018 मध्ये केंद्राने चार चाकांच्या एका आसाची कायदेशीर मर्यादा 10.2 टनांवरून 11.5 टनांवर नेली. कागदावर ही वाढ आठव्या हिश्शाची. जुन्या मर्यादेवर बेतलेल्या स्लॅबच्या आयुष्यात तिची किंमत किती मोठी, ते वरच्या आकड्यांवरून समजावे.

तापमानाचा भाग तर आणखी नाट्यमय आहे. दुपारी स्लॅबचा माथा तापलेला आणि तळ थंड असतो. आपल्या पठारी भागात 25-30 सेंटिमीटरच्या स्लॅबमध्ये हा फरक वीस अंशांच्या घरात धरतात. माथा प्रसरण पावतो, कडा खाली वाकतात आणि मधला भाग वर येतो. पहाटे उलटे होते. माथा गार पडतो आणि वाळवणाला घातलेल्या पापडासारख्या स्लॅबच्या कडा उचलल्या जातात. कडा उचललेल्या असताना एका ट्रकचे पुढचे आणि मागचे आस चौकटीच्या दोन टोकांवर आले, तर स्लॅब मधे वरून फाटू लागतो. दुपारी तोच ट्रक कडेच्या मधोमध आला, तर खालून. 2011 च्या सुधारणेपासून आयआरसी 58 दुपारचा आणि रात्रीचा असे दोन्ही हिशेब वेगळे करायला सांगते. आपल्या महामार्गांवर जड मालवाहतूक रात्री जास्त असते, त्यामुळे ही सुधारणा कागदी नाही. शिवाय इथे 'जाड म्हणजे मजबूत' याला मर्यादा पडते. स्लॅब जाड केला की चाकाचा ताण कमी होतो, पण माथा आणि तळ यांतला फरक वाढतो. चौकट लहान केली की तापमानाचा ताण घटतो. म्हणजे थोडी जाडी वाढवण्यापेक्षा सांधे जवळ घेणे कधी कधी अधिक शहाणपणाचे आणि स्वस्तही असते.

पण काँक्रीटचे रस्ते मरतात ते बहुधा वरून नाही, खालून. इलिनॉयमधल्याच ओटावा गावाजवळ 1958 ते 1960 या काळात अमेरिकेने रस्त्यांची प्रचंड चाचणी घेतली. मुद्दाम बांधलेल्या चक्राकार रस्त्यांवर ट्रक फिरवून 11 लाखांहून अधिक वेळा आस नेले. साध्या काँक्रीटच्या चौकटी 15 फुटांच्या होत्या, म्हणजे जवळपास आपल्या साडेचार मीटरच्याच. जे स्लॅब मोडले त्यांच्या बाबतीत मोडण्याआधी एक गोष्ट दिसली. सांध्यातून पाणी खाली गेले, चाक आले की कड दबली, आणि ते पाणी माती-वाळूसकट बाहेर फेकले गेले. असे हजारो वेळा झाले की कडेखाली पोकळी होते आणि जमिनीवर टेकलेला स्लॅब अधांतरी होतो. बिनजाळीच्या स्लॅबचा सगळा भरवसा टेकण्यावर आहे, हे आठवले की पुढचे सांगायला नको. म्हणून खाली 15 सेंटिमीटर कोरडे, कमी सिमेंटचे काँक्रीट दाबतात आणि त्याखाली पाणी बाहेर काढणारा खडीचा थर देतात. दोन काँक्रीटमध्ये तो प्लास्टिकचा कागद असतो. बघ्यांना तो पाणी अडवायला वाटतो, पण त्याचे मुख्य काम वरच्या स्लॅबला आकसताना सरकू देण्याचे आहे. मराठवाड्या-विदर्भाच्या काळ्या मातीत काँक्रीट चालते का, असे विचारतात. चालते, कारण स्लॅब ओझे फार मोठ्या क्षेत्रावर पसरवतो आणि त्याला कणखर जमिनीची फारशी गरज नसते. त्याला समान जमीन लागते. एकीकडे ओलीने फुगलेली आणि दुसरीकडे भेगाळलेली माती त्याला सोसत नाही. काळी माती काढून किंवा चुन्याने सुधारून, वर मुरमाचा भराव नीट दाबून घेतला तर प्रश्न सुटतो. कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तिथे साइडपट्टीखालून पाण्याला वाट ठेवणे हे स्लॅबच्या दर्जाइतकेच महत्त्वाचे आहे. ती वाट मातीने बुजवली तर खडीचा थर टाकीसारखा पाणी साठवत बसतो.

शहरांत मात्र महामार्गाचे उत्तर जसेच्या तसे चालत नाही. मुंबईत सुमारे दोन हजार किलोमीटर रस्ते आहेत आणि ते टप्प्याटप्प्याने काँक्रीटचे होत आहेत. त्यावर नागरिकांचा मोठा आक्षेप खोदकामाचा असतो: खाली जलवाहिनी, गॅस, वीज, केबल, गटार, आज रस्ता झाला की उद्या कोणी तरी तो फोडणार. आक्षेप बिनतोड आहे. रुंद रस्त्यांना कडेने डक्ट देऊन, आडव्या नळ्या आधीच टाकून त्याचे उत्तर देता येते, आणि ते दिले नसेल तर काँक्रीट करूच नये. फोडलेला डांबरी रस्ता कसाबसा बुजवता येतो. काँक्रीटची मात्र एक चौकट कापली तर पूर्ण चौकट काढून, डॉवेल पुन्हा बसवून भरावी लागते. गल्ल्यांसाठी पेव्हर ब्लॉक हे प्रामाणिक उत्तर आहे. तिथे तडे आधीच पाडलेले आहेत, हवे तेव्हा ब्लॉक काढा आणि परत बसवा. कडा पक्क्या बांधलेल्या आणि खालचा थर नीट दाबलेला मात्र हवा. बसमार्गावर आणि चौकात ब्लॉक बसवायचे आणि ते खचले की ब्लॉकला दोष द्यायचा, हा अन्याय आहे. मधल्या रस्त्यांसाठी डांबरावर पातळ काँक्रीट टाकण्याची पद्धत आहे, तिला व्हाइट टॉपिंग म्हणतात. बंगळुरूमध्ये ती मोठ्या प्रमाणावर वापरली गेली आणि ठाणेकरांना 'यूटीडब्ल्यूटी' (अल्ट्रा थिन व्हाइट टॉपिंग) ही अक्षरे तोंडपाठ आहेत. दहा ते वीस सेंटिमीटरच्या थरात मीटर-दीड मीटरच्या चौकटी कापतात, त्यामुळे प्रत्येक तुकड्यावर एका वेळी एखादेच चाक येते आणि तुकडा वाकायच्या ऐवजी दबतो. यात खालचे डांबर भागीदार असते. ते शाबूत आणि चिकटलेले असेल तरच हा प्रकार टिकतो. खड्ड्यांनी चाळण झालेल्या डांबरावर पांढरा थर ओतणे म्हणजे भागीदार दिवाळखोर आहे हे माहीत असून धंदा सुरू करणे. शिवाय वर थर चढवताना घरांचे उंबरठे आणि गटारांची तोंडे रस्त्याखाली जाणार नाहीत, हे पाहणे आराखड्याचाच भाग आहे, नंतरची तक्रार नव्हे.

काँक्रीटच्या विरोधात पुण्याच्या जंगली महाराज रस्त्याचा दाखला दिला जातो. 1970 च्या दशकात रेकाँडो कंपनीने दहा वर्षांची हमी देऊन तो डांबरी रस्ता केला आणि हमी संपल्यावरही तो वर्षानुवर्षे खड्ड्यांविना राहिला. दाखला खरा आहे आणि तो मान्य करायला काही अडचण नाही. चांगला पाया, पाण्याचा निचरा आणि नेकीचे काम असेल तर डांबरही टिकते. पण त्यातून काँक्रीट नको असा निष्कर्ष निघत नाही. निघतो तो असा की वाईट काम झाकायला काँक्रीट हा उपाय नाही. डांबर चुका थोड्या तरी पोटात घालते, वरून एक थर दिला की दुरुस्त होते. काँक्रीट एक चूक तीस वर्षे दाखवत राहते. दुसरा आक्षेप पर्यावरणाचा, आणि तो अधिक जड आहे. सात मीटर रुंद, 30 सेंटिमीटर जाड रस्त्याच्या एका किलोमीटरला 2,100 घनमीटर काँक्रीट लागते, घनमीटरला 400 किलो सिमेंट धरले तर 840 टन. सिमेंटच्या भट्टीतून निघणारा कार्बन डायऑक्साइड पाहता हे ओझे हलके नाही. त्यातला काही हिस्सा चंद्रपूर, कोराडीसारख्या औष्णिक केंद्रांच्या राखेने भागवता येतो आणि भागवावा, फक्त राखेचे काँक्रीट हळू ताकद धरते म्हणून जास्त दिवस पाणी मारावे लागते. पण खरी बचत आयुष्यात आहे. तीस वर्षांचा म्हणून केलेला रस्ता दहाव्या वर्षी फोडला तर त्या सिमेंटचा हिशेब कोणत्याच राखेने जुळत नाही.

नव्या रस्त्यावर तडे दिसले की ओरड होते, आणि मुंबईत ती झाल्यावर महापालिकेने दर्जा तपासण्यासाठी आयआयटी मुंबईला नेमले. त्या ओरडीतही निवड हवी. ओतल्यादिवशीच ऊन-वाऱ्याने माथा वाळून पडलेल्या, हाताच्या बोटाएवढ्या आखूड, उथळ रेषा दिसायला वाईट असतात पण बऱ्याचदा त्या स्लॅबच्या ताकदीला धक्का लावत नाहीत. सांध्याला समांतर, चौकटीच्या मधून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेलेला तडा मात्र उशिरा कापल्याची किंवा सांधा अडल्याची खूण असतो, आणि कोपरा तोडणारा तिरका तडा खाली पोकळी झाल्याची. पहिल्याला लेप पुरतो, पुढच्या दोन्हींत बहुधा चौकट बदलावी लागते. तपासणीची आपली रीत अशी की 15 सेंटिमीटरचे घन 28 दिवसांनी फोडून ताकद पाहायची आणि कोअर काढून जाडी मोजायची. दोन्ही आवश्यक आहेत, पण डॉवेल वाकडा बसला की सरळ, हे त्यांतून कळत नाही. ते स्लॅबवरून फिरवायच्या चुंबकीय यंत्राने, स्लॅब न फोडता, मोजता येते. कटर किती वाजता लागला, ते साइटच्या वहीत लिहिलेले असायला हवे. बिल मंजूर करण्याआधी प्रत्येक रस्त्याच्या या दोन नोंदी मागता येतील, आणि त्यांसाठी नव्या संशोधनाची वाट पाहावी लागणार नाही.